यशस्वी लोकांचे सल्ले तपासायचे कसे? (एमपीएससीचं तिसरं वर्ष, हातात नोकरीची ऑफर)

मोसंबी_जालना

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथं नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी जालना जिल्ह्यातला. परभणीच्या कृषी विद्यापीठातून २०२२ ला बी.एस्सी. अ‍ॅग्री झालो, २०२३ पासून पुण्यात एमपीएससी करतोय, वय २६. घरी सहा एकर, दोन एकर मोसंबी, बाकी कापूस-सोयाबीन. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, कॉटचे ३५००, मेसचे ३२००, अभ्यासिकेचे १४००, वर चहा, झेरॉक्स, टेस्ट सिरीज, गावाकडं जाणं-येणं धरलं की महिन्याला दहा हजाराच्या खाली काही बसत नाही आणि सगळं घरून येतं. २०२३ ला प्रीच, म्हणजे पूर्व परीक्षाच, निघाली नाही. २०२४ ची प्री निघाली, मेन्स (मुख्य परीक्षा) दिली, इंटरव्ह्यूच्या यादीत नाव नाही. ऑगस्ट २०२४ ला कृषीच्या २५८ जागा राज्यसेवेच्या ह्याच परीक्षेत घ्या म्हणून शास्त्री रोडवर जी पोरं बसली होती त्यात मी पण होतो, परीक्षा पुढं ढकलली त्या रात्री घरी फोन करून सांगितलं होतं की आता आपलं जमतंय बघा.

आता झालंय असं की जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत प्रॉडक्शनला फील्ड ऑफिसर म्हणून ऑफर आलीय. २२ हजार हातात, पेट्रोल वेगळं. पंधरा दिवसांत कळवायचंय. आणि ही गोष्ट ज्याला सांगावी तो सल्ला देतो.

आमच्याच कॉलेजचा एक सिनियर राज्यसेवेतून पोस्ट काढून आता ड्युटीवर आहे, मी त्याला देव मानतो, तो म्हणतो प्लॅन बी ठेवला की प्लॅन ए मरतो, नोकरीचा विचार डोक्यातून काढ. मामा म्हणतात प्रायव्हेटमध्ये काही नाही, कंपनी कधी पण काढून टाकते, सरकारीच बघ, शिपाई लागला तरी चालेल. रूममेट म्हणतो घे नोकरी, अभ्यास रात्री होतो. क्लासचे सर म्हणतात तुझा बेस पक्का आहे, अजून एक बॅच कर. यूट्यूबला तर रोज एक नवीन टॉपर येतो, एक म्हणतो मोबाईल बंद ठेवा, दुसरा म्हणतो मी मोबाईलवरच सगळं वाचलं.

ज्याचं ऐकावं ते खरंच वाटतं. सिनियरशी बोललं की रात्रभर अभ्यास करतो, मामांशी बोललं की झोप येत नाही. आणि बाबा काहीच म्हणत नाहीत, फोनवर विचारलं की "तुला योग्य वाटतं ते कर" म्हणून मोसंबीच्या भावावर जातात.

नोकरी धरू का सोडू हे तुम्ही सांगा असं मला म्हणायचं नाहीये. माझा प्रश्न असा आहे की समोरचा माणूस खरंच यशस्वी आहे, मनापासून सांगतोय, तरी त्याचा सल्ला आपल्याला लागू होतो का नाही हे ओळखायचं कसं? कुणी असं कधी करून बघितलंय का?

पाच_प्री_दोन_मेन्स

मित्रा, तुझ्याच पेठेत साडेचार वर्षं काढली, आता राष्ट्रीयीकृत बँकेत एएफओ (कृषी क्षेत्र अधिकारी) आहे, म्हणून पोटतिडकीने लिहितोय.

पहिलं, सल्ल्यावर तारीख बघ. औषधाच्या बाटलीवर बघतो ना आपण तशी. तुझा सिनियर कोणत्या साली निवडला गेला? २०२४ पर्यंतची राज्यसेवा असेल तर त्याची मेन्स सहा पेपरची, ८०० मार्कांची, आणि मराठी-इंग्रजीचा एक पेपर सोडला तर सगळी गोल रंगवायची. इंटरव्ह्यू १०० चा. आता २०२५ पासून नऊ पेपर, लेखी, १७५० मार्क, त्यात निबंध आणि वैकल्पिक विषयाचे दोन पेपर, वर इंटरव्ह्यू २७५ चा. त्याने जे वाचलं, जसं वाचलं, जितक्या वेळा रिव्हिजन मारली ते त्या परीक्षेसाठी होतं आणि ती परीक्षा आता होत नाही. सीसॅटचं, म्हणजे प्रीच्या गणित-बुद्धिमत्ता-उताऱ्यांच्या दुसऱ्या पेपरचं, पण तेच. पूर्वी सीसॅटच्या जोरावर प्री निघायची, आमच्या अभ्यासिकेत इंजिनिअरिंगची पोरं तेवढ्यावर पुढं गेलेली आहेत, आता तो पेपर ३३ टक्क्यांच्या पात्रतेपुरता राहिला. म्हणजे तुझा सिनियर खोटं बोलत नाहीये, पण तो ज्या घराचा पत्ता सांगतोय ते घर पाडून तिथं दुसरी बिल्डिंग उभी राहिलीय.

दुसरं, ज्यांचं झालं त्यांचेच आवाज आपल्यापर्यंत येतात. यूपीएससीचे २०२३ चे आकडे बघ, १० लाख १६ हजारांनी फॉर्म भरले, ५ लाख ९२ हजार प्रीला प्रत्यक्ष बसले, शेवटच्या यादीत १,०१६. त्या १,०१६ मधल्या बऱ्याच जणांचे व्हिडिओ आहेत. बाकीच्यांचा व्हिडिओ कोण काढणार? त्यातले पण हजारो जण मोबाईल बंद ठेवून, पहाटे उठून, प्लॅन बी न ठेवता बसलेले होते. मी होतो ना. सगळं करून नाही झालं माझं. त्यामुळं टॉपरने "मी हे केलं" म्हटलं की मी लगेच मनात विचारतो, हेच करून न झालेले किती जण मला माहीत आहेत. पेठेत राहतोस, तुला शोधायला लांब जायला नको, पायऱ्यांवर चहा पिताना विचार.

क्लासच्या बोर्डांचं तर बोलायलाच नको. एकच चेहरा तीन बोर्डांवर मी स्वतः बघितलाय. तक्रारी इतक्या झाल्या की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ ला कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियम काढले, निवड झाल्यावर विद्यार्थ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय फोटो लावायचा नाही आणि त्याने नेमका कोणता कोर्स केला होता ते लिहायचं. कारण बरेच जण फक्त शेवटच्या इंटरव्ह्यूच्या तयारीला गेलेले, तेही फुकटच्या, आणि जाहिरात बघून वाटायचं की सगळं तिथंच शिकले. तुझ्या सरांबद्दल मला काही माहिती नाही, पण "अजून एक बॅच कर" हे जो माणूस सांगतोय त्यालाच त्या बॅचची फी मिळणार आहे, एवढं ध्यानात ठेवूनच त्याचं ऐक.

आणि एक व्यावहारिक गोष्ट जी मला कुणी सांगितली नाही. दारं कोणत्या क्रमाने बंद होतात ते बघ. राज्यसेवेला खुल्या गटाला ३८ पर्यंत वय आहे, आयबीपीएसच्या (बँक भरतीच्या) एएफओला ३०. तू २६. मला एएफओचं कळलं तेव्हा २९ सुरू होतं, एकच संधी हातात होती, निघाली म्हणून आज बोलतोय.

जिद्द_९६

मला वरचं सगळं पटत नाही. मी एसटीआय (राज्यकर निरीक्षक) आहे, नोकरी सोडली नसती तर झालोच नसतो. चाकणला शिफ्टमध्ये काम करून रात्री अभ्यास होतो असं जे म्हणतात त्यांनी एकदा करून बघावं, दुसऱ्या शिफ्टवरून रूमवर यायला साडेबारा वाजतात आणि पुस्तक उघडलं की अक्षरं पळतात. आता तर मेन्स लेखी आहे, रोज दोन-तीन उत्तरं हाताने लिहून कुणाकडून तरी तपासून घ्यावी लागतात, ते अर्ध्या वेळात होणारं काम नाही. सिनियर बरोबर सांगतोय. दोन दगडांवर पाय ठेवून चालत नाही.

पाच_प्री_दोन_मेन्स

@जिद्द_९६ भाऊ, आधी अभिनंदन, आणि लेखी उत्तरांचा मुद्दा शंभर टक्के मान्य, तो मी विसरलोच होतो. वाईट वाटून घेऊ नका पण एक विचारतो, नोकरी सोडली त्या दिवशी खात्यावर किती होते आणि घर कोण चालवत होतं?

जिद्द_९६

वाईट कशाला वाटायचं. साधारण पावणेतीन लाख साठवले होते, पाच वर्षं नोकरी झाली होती. लग्न झालेलं, बायको हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स, भाडं आणि किराणा तिच्या पगारात व्हायचा. आई-वडिलांना पैसे पाठवायची गरज नव्हती. तुम्ही विचारलं म्हणून लिहिलं, पोस्टमध्ये हे लिहायला पाहिजे होतं. धागाकर्त्याकडे हे नसेल तर माझं वाक्य त्याने जसंच्या तसं घेऊ नये. पण पूर्ण वेळ लागतो ह्यावर मी ठाम आहे, तो वेळ कुठून काढायचा ते त्याने त्याचं बघावं.

रजेवर_आहे

मी तुझ्या त्या सिनियरच्या जागेवरचा माणूस आहे असं समज. जुन्या पॅटर्नमधून वर्ग दोनची पोस्ट, नोकरीत सहा वर्षं. हे कुठं बोललो नाही, इथं नाव नाही म्हणून लिहितो.

निवड झाली त्या वर्षी माझे सतरा-अठरा सत्कार झाले. शाल, श्रीफळ, ट्रॉफी आणि मग माईक हातात. आपल्या शाळेत, ज्या वर्गात ओणवं उभं राहिलोय तिथं, समोर चारशे पोरं मांडी घालून बसलेली, हेडसर म्हणतात मुलांना यशाचं रहस्य सांगा. तिथं माणूस काय सांगणार? मी म्हणालो रोज चौदा तास अभ्यास केला. टाळ्या पडल्या. ते खोटं नव्हतं म्हणजे मेन्सच्या आधीचे वीस-बावीस दिवस चौदा तास झाले असतील. बाकी चार वर्षं सात, कधी आठ. मागच्या रांगेत दहावीचा एक पोरगा वहीत लिहून घेत होता, अजून डोळ्यासमोर आहे कारण त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि तो डाव्या हाताने लिहीत होता.

तो पोरगा मागच्या वर्षी मला नारायण पेठेत भेटला. ओळख त्यानेच दिली. पाठ धरलेली, डोळे खोल गेलेले, बॅगेतून वही काढली आणि पानभर टाइमटेबल दाखवलं, पहाटे चार ते रात्री अकरा, चौदा तास बसवलेले, रोजच्या रकान्यात बरोबरच्या खुणा आणि फुल्या. फुल्याच जास्त होत्या. मला म्हणाला सर, तुमच्यासारखं जमत नाही माझ्याच्याने, माझ्यातच काहीतरी कमी आहे. मी तिथंच फूटपाथवर त्याला सगळं खरं सांगितलं आणि त्या दिवसापासून सत्काराला गेलो तर सात तास सांगतो.

अजून काय काय सांगत नव्हतो ते ऐक. माझा मोठा भाऊ लष्करात आहे, चार वर्षं महिन्याच्या पाच तारखेला त्याचे पैसे यायचे, एकदाही चुकले नाहीत. शेवटून दुसऱ्या प्रयत्नात मी दोन मार्कांनी गेलो आणि शेवटच्यात तीन मार्कांनी आलो. त्या पाच मार्कांत माझी जिद्द बदलली नव्हती, पर्यावरणाचे दोन प्रश्न मी सकाळी रिक्षात वाचलेल्या पानावर आले होते. पण निवड झाल्यावर मागं वळून बघितलं की सगळं आपण ठरवून केल्यासारखं दिसतं. मला स्वतःला माहीत नाही मी कशामुळे झालो. मी काय केलं ते सांगू शकतो, कशामुळे झालो ते नाही.

म्हणून तुला सिनियरला विचारायचं असेल तर "काय करू" विचारू नकोस. काय झालं ते विचार. कोणतं साल, पैसे कुठून यायचे, किती मार्कांनी गेला, किती मार्कांनी आला, सोबतच्या रूममधली बाकीची पोरं आता कुठं आहेत, आणि त्या वर्षी झालं नसतं तर पुढच्या महिन्यात काय करणार होता. चांगला माणूस असेल तर सांगेल. बहुतेक त्याला आजवर हे कुणी विचारलेलंच नसेल.

निवड झाली म्हणजे पैशाचा प्रश्न त्या दिवशी मिटतो असंही धरू नकोस. २०१९ च्या राज्यसेवेचा निकाल जून २०२० मध्ये लागला, ४१३ जण निवडले गेले आणि मराठा आरक्षणाच्या खटल्यात नियुक्त्या वर्षाहून जास्त अडकल्या. त्यातला एक माझा मित्र, निवड होऊन गावी चुलत्याच्या किराणा दुकानात बसत होता.

खडू_फळा

नमस्कार. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ६३. टायपिंगला वेळ लागतो, चुका झाल्या तर समजून घ्या.

बाळा, तुझ्या मामांविषयी लिहितो कारण मी तसाच मामा आहे.

२००८ साली माझ्या भाच्याला बारावी सायन्सला ७८ टक्के पडले. त्याला पॉलिटेक्निकला जायचं होतं, यंत्रांचं वेड होतं, घरातला मिक्सर तीनदा खोलून बसवलेला. बहिणीने मला विचारलं. मी म्हणालो डी.एड. कर, नोकरी पक्की. माझ्या डोळ्यासमोर तेच होतं. २००० पासून शिक्षणसेवक योजना सुरू झालेली, तीन वर्षं तीन हजार मानधनावर काढायची आणि मग कायम. आमच्या केंद्रातली पाच-सहा पोरं माझ्यासमोर लागली, घरं बांधली, लग्नं झाली. त्या काळात तालुक्या-तालुक्याला डी.एड. कॉलेजं निघत होती, प्रवेशासाठी रांगा. मी चूक कसा असेन असं वाटायचं.

२०१० ची शिक्षक भरतीची सीईटी झाली तेव्हा तो नुकताच बाहेर पडत होता, थोडक्यात हुकली. पुढच्या वेळी निघेल म्हणालो. ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली, कागदावरचा पट आणि वर्गातली पोरं जुळेनात, शिक्षक अतिरिक्त ठरायला लागले, आणि २०१२ ला भरतीच थांबली. डिसेंबर २०१३ ला पहिली टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आली, ती त्याने पास केली, प्रमाणपत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलं. जागा नव्हत्या. मग शिक्षकांची अभियोग्यता चाचणी, मग भरतीसाठी पवित्र पोर्टल, तोवर तो तीस पार करून गेला. आता ट्रॅक्टर आणि पंप दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं, उत्तम चाललंय, हात चांगला आहे त्याचा. मला कधी शब्दाने बोलला नाही. पण त्याच्या दुकानात गेलो की मी खुर्चीवर फार वेळ बसू शकत नाही.

मी त्याचं वाईट चिंतलं होतं का? नाही. मी जे वीस वर्षं पाहिलं होतं ते पुढची वीस वर्षं तसंच चालणार असं धरून बोललो. मला नोकरी लागली होती, ती टिकली होती, म्हणून माझ्या तोंडून तेच निघालं. सल्ला चुकला तर किंमत त्याने मोजायची होती, मला पेन्शन चालूच राहणार होती, हे तेव्हा मनात सुद्धा आलं नाही.

मामांना एकदा शांतपणे विचार, मामा तुम्हाला प्रायव्हेटची भीती का वाटते, काय झालं होतं. त्यांचं मत बाजूला ठेव, ती गोष्ट ऐक. त्यात तुझ्या कामाचं काहीतरी निघेल.

शेडनेट

दादा, मी बियाणे क्षेत्रातच आहे, क्वालिटीला, देऊळगाव राजाकडे. अकरा वर्षं झाली. वर इतके सल्ले आले पण ही नोकरी नक्की काय आहे ते कुणीच सांगितलं नाही, कारण तुमच्या सल्लागारांपैकी ती कुणी केलेलीच नाही. मला ह्याचं फार नवल वाटतं की लोक न बघितलेल्या कामाबद्दल इतक्या खात्रीने बोलतात.

तर ऐका. प्रॉडक्शनचा फील्ड ऑफिसर म्हणजे ऑफिस नाही. बीजोत्पादनाचे प्लॉट वाटून दिलेले असतात, ऑर्गनायझर मधला माणूस, त्याच्यामार्फत शेतकरी. पेरणीला नर-मादीच्या ओळी बरोबर पडल्या का, शेजारच्या पिकापासून अंतर राखलंय का, भेसळीची झाडं वेळेत उपटली का. क्रॉसिंग (हाताने परागीकरण) सुरू झालं की मग दोन-अडीच महिने तुमचे नाहीत. कपाशीचं घ्या, आज दुपारनंतर बायका उद्या उमलणाऱ्या कळ्यांचे पुंकेसर नखाने काढून ठेवतात आणि उद्या सकाळी नराच्या फुलाचे पराग लावतात. एक कळी चुकून तशीच राहिली की तिच्यात स्वतःचंच बी धरतं आणि पुढं ग्रो आउट टेस्टला (बी पेरून शुद्धता तपासतात ती) सगळा लॉट फेल होतो, शेतकऱ्याचे पैसे अडकतात आणि तो तुमच्या दारात येतो. त्या दिवसांत रात्री अभ्यास होईल असं जो म्हणतो त्याने प्लॉट बघितलेला नाही.

पण वर्षभर तसं नसतं. माल उचलून लॅबला गेला की काही महिने हलके जातात, आणि ते कोणते महिने हे पिकावर ठरतं. कंपनीला हे स्पष्ट विचारा: कोणतं पीक देणार, कोणता भाग देणार, हलके महिने कोणते, परीक्षेच्या वेळी रजा मिळते का. त्याच कंपनीतल्या दोन वर्षं झालेल्या मुलाला गाठून विचारा, मॅनेजरला नको. वीस वर्षं पुढं गेलेल्या माणसापेक्षा दोन वर्षं पुढं गेलेला जास्त उपयोगाचा, त्याला रस्त्यातले खड्डे अजून आठवतात.

मी पण एमपीएससीच करायला निघाले होते. मुलींना सल्ला वेगळ्या कारणाने मिळतो हे इथं लिहून ठेवते. मला सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं की फील्डची नोकरी मुलीला शोभत नाही, क्लास लावून घरी बस, लग्न जमेपर्यंत. त्यात माझ्या करिअरचा विचार नव्हताच, लोक काय म्हणतील ह्याचा होता. फक्त आजी म्हणाली तुला उन्हात चालवतंय ना, मग जा. ती जन्मभर निंदायला जायची, उन्हातलं काम काय असतं ते तिला माहीत होतं.

मोसंबी_जालना

सगळ्यांचे मनापासून आभार. नऊ दिवसांनी लिहितोय कारण मधे गावाकडं जाऊन आलो.

रजेवर_आहे सरांनी लिहिलेले प्रश्न मी कागदावर उतरवून घेतले आणि सिनियरला फोन लावला. आधी भीती वाटत होती की राग येईल. मी विचारलं दादा, तुमचे पैसे कुठून यायचे. तो थोडा वेळ गप्प बसला. मग पाऊण तास बोलला. वडील हायस्कूलला शिक्षक, महिन्याचं टेन्शन कधीच नव्हतं. रूममध्ये चौघं होते, एक तो, एक आता गावाकडं कृषी सेवा केंद्र चालवतो, एक कुठंय त्याला माहीत नाही, आणि चौथ्याचा विषय निघाल्यावर तो जास्त बोलला नाही, मी पण खोदलं नाही. लेखी मेन्सबद्दल म्हणाला मी स्वतः जीएसचं (सामान्य अध्ययनाचं) एकही उत्तर कधी लिहिलेलं नाही रे, मी तुला काय सांगू. शेवटी म्हणाला प्लॅन बीचं वाक्य मला पण कुणीतरी सांगितलेलं होतं. माझा त्याच्याबद्दलचा आदर वाढलाच.

मामा वाळूजला एका कारखान्यात होते हे माहीत होतं, पण कारखाना बंद पडला तेव्हा त्यांचे सात महिन्यांचे पैसे बुडाले आणि मामीचं मंगळसूत्र मोडलं हे मला माहीत नव्हतं. मी तेव्हा तिसरीत होतो. गुरुजी, तुम्ही सांगितलं म्हणून विचारलं.

आणि बाबा. संध्याकाळी बागेत पाणी बघायला गेलो होतो दोघंच. मी म्हणालो बाबा, सगळे बोलतात, तुम्हीच बोलत नाही. त्यांनी बराच वेळ दांडातलं गवत काढलं. मग सांगितलं की २०१२-१३ च्या दुष्काळात आपली बाग चार एकर होती. शिवारातले एक मोठे बागायतदार सगळ्यांना सांगत होते टँकरने पाणी घाला, बाग तोडू नका, एकदा तुटली की सहा वर्षं मागं जाल. ते खरंच होतं आणि त्यांची बाग आज पण उभी आहे. बाबांनी त्यांचं ऐकून तीन महिने टँकर घातले, दीड लाख कर्ज झालं, तरी दोन एकर वाळून गेली आणि सरपणाला तोडली. त्या माणसाचं पुण्यात दुकान होतं, बाबा म्हणाले, टँकरचे पैसे त्याला तिकडून यायचे, माझे इथूनच जायचे. "त्याने मला फसवलं नाही. मीच विचारलं नाही की तू किती दिवस घालू शकतोस." म्हणून ते कुणाला सल्ला देत नाहीत म्हणे, मला पण नाही. मग मी थेट विचारलं, तुम्ही अजून किती महिने पाठवू शकता. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली, आकडे लिहिलेलेच होते. मार्चपर्यंत. तीन वर्षांत हा आकडा मी कधी विचारलाच नव्हता.

ऑफर घेतलीय. शेडनेट ताई, तुम्ही सांगितलेले प्रश्न कंपनीला विचारले, मिरची आणि टोमॅटो देणार आहेत, भाग देऊळगाव राजाच्या बाजूचाच. दोन वर्षं झालेला एक मुलगा भेटला, तो म्हणाला एप्रिल-मे बऱ्यापैकी मोकळा जातो. एएफओचा फॉर्म ह्या वेळी भरणार, राज्यसेवेची प्री पण देणार, वैकल्पिक कृषी धरून रोज एक तरी उत्तर लिहायचं असं सध्या तरी ठरवलंय, जिद्द_९६ भाऊंचा मुद्दा विसरलेलो नाही, किती जमतं ते सहा महिन्यांनी इथंच येऊन खरं खरं लिहीन. पेठेतली कॉट ३० तारखेला सोडतोय, डिपॉझिट मिळालं.

ताई, एक विचारायचं राहिलं, पहिल्या दिवशी सोबत काय काय न्यायचं?

शेडनेट

अभिनंदन दादा! पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, टोपी, पाण्याची दोन लिटरची बाटली, घोट्याच्या वर येणारे बूट, भिंग आणि खिशात मावेल अशी वही. शेडनेटमध्ये सकाळी दहानंतर उकडतं, त्यामुळं साडेसहालाच प्लॉटवर पोचा. बायका क्रॉसिंग करत असतील तर पहिला आठवडा काही बोलू नका, नुसतं त्यांच्या शेजारी उभं राहून बोटं बघा.